फुटबॉल क्लबच्या मॅनेजरच्या पाठीशी किती दिवस उभं राहायचं? तुमचे अनुभव सांगा

कॉलेज रोड, मँचेस्टर युनायटेड

१२ मे २०१३ ची मॅच ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, आमचे मॅनेजर फर्ग्युसन सर घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, शेवटचे उभे राहिले आणि माईक हातात घेऊन म्हणाले की माझ्या वाईट दिवसांत क्लब माझ्या पाठीशी उभा राहिला होता, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. मी तेव्हा अकरावीत होतो, रूमवर आम्ही चौघं जण होतो आणि कोणीच काही बोलत नव्हतं. ते वाक्य मी खरंच मनावर घेतलं.

नवा मॅनेजर मोयेस, त्याला सहा वर्षांचं काँट्रॅक्ट होतं, दहा महिने पण झाले नाहीत. स्टेडियमवरून विमान उडवून त्याच्याविरुद्ध बॅनर फिरवला तेव्हा मला वाईट वाटलेलं, मी मित्रांशी भांडलो होतो. व्हॅन गालने २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला काढलं. मोरिन्हो झाला. सोल्सकायरच्या वेळी घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ०-५, टेन हागच्या वेळी त्यांच्या अ‍ॅनफिल्डवर ०-७. प्रत्येक वेळी मी म्हणायचो की थांबा, वेळ द्या.

माझा धीर सुटला तो २७ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी घरी गणपती बसले होते, दिवसभर पाहुणे, आरत्या, रात्री साडेबाराला सगळे झोपल्यावर गणपतीसमोरच्या खोलीत आवाज बंद करून मॅच लावली. लीग कप, समोर ग्रिम्सबी, चौथ्या डिव्हिजनची टीम. हाफटाइमला ०-२. कसंबसं २-२ केलं आणि पेनल्टीत ११-१२ ने हरलो. पण मला हरण्यापेक्षा लागलं ते वेगळंच, पेनल्टी शूटआउट चालू असताना आमचा मॅनेजर अमोरिम डगआउटमध्ये मागे बसून होता, त्याला बघवत नव्हतं. आणि मी नाशिकमध्ये पावणेतीन वाजता एकेक पेनल्टी बघतोय, सकाळी सहाला उठून दूर्वा आणायच्यात. मला वाटलं, अरे मी बघू शकतो तर तू का नाही? मागचा सगळा सीझन तेच ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन), लीगमध्ये पंधरावा नंबर आला तरी तेच, मधल्या चारांतले दोघं कडेला म्हणून मिडफिल्डला दोनच माणसं आणि समोरचे तिथूनच आरपार. त्या रात्री पहिल्यांदा मी म्हटलं की बस झालं, ह्याला काढा.

म्हणून विचारतोय. तुमचा धीर कुठल्या मॅचला सुटला, आणि आज विचार केला तर तो राग बरोबर होता असं वाटतं का? क्लब कुठलाही चालेल, नाशिक आणि आसपासच्या लोकांनी जरूर लिहा. फक्त शिव्या नकोत.

इंदिरानगर, आर्सेनल

माझं उत्तर आहे, राग चुकीचा होता, आणि हे कळायला मला खूप वर्षं लागली.

२८ ऑगस्ट २०११, युनायटेडकडे ८-२ ने हरलो. रविवार होता, साडेआठची मॅच, बाबा पण बघायला बसले होते, त्यांना फुटबॉलमधलं फार कळत नाही पण पाचव्या गोलनंतर ते उठून आत गेले आणि मला म्हणाले जेवून घे. त्याच महिन्यात आमचे फाब्रेगास आणि नास्री क्लब सोडून गेलेले. पुढच्या वर्षी व्हॅन पर्सी थेट युनायटेडला, आणि त्याच सीझनला ते चॅम्पियन. मी आमच्या मॅनेजरला, वेंगरला, इतकं बोललोय ना, की हा माणूस कंजूस आहे, याला जिंकायचंच नाही, चौथा नंबर आला की खूश. २०१७ ला बायर्नकडून दोन्ही लेगला (एक मॅच त्यांच्याकडे, एक आपल्याकडे) ५-१, ५-१ झालं तेव्हा तर मी प्रोफाइल फोटोलाच वेंगर आऊट लावलं होतं, सहा महिने.

आता स्वतः ईएमआय भरतो तेव्हा कळतं. २००६ ला नवं स्टेडियम झालं त्याचं कर्ज होतं, दरवर्षी चांगला प्लेयर विकावा लागायचा आणि तरी ह्या माणसाने सलग २० सीझन टीम पहिल्या चारात ठेवली. ज्याने २००३-०४ ला एकही लीग मॅच न हरता टायटल आणलं त्याला चौथ्या नंबरवर समाधान होतं असं मी कसं म्हणू शकलो? तो २०१८ ला गेला, त्यानंतर आम्ही पाचवे, आठवे, परत आठवे. शेवटच्या मॅचेसला स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसायच्या, ते आठवलं की अजूनही कसंतरी होतं.

आर्टेटाच्या वेळी मी गप्प राहिलो. २०२१-२२ च्या पहिल्या तिन्ही मॅच हरलो, शून्य गोल, टेबलमध्ये सगळ्यात खाली, ग्रुपवर सगळे पेटलेले आणि मी काहीच लिहिलं नाही. त्यानंतर सलग तीन सीझन दुसरा नंबर, मग लोक म्हणायला लागले हा पण जिंकवू शकत नाही. मी तरी ते वाक्य परत माझ्या तोंडातून काढणार नाही.

देवळाली कॅम्प, लिव्हरपूल

हॉजसन, २०१०. माझा राग शंभर टक्के बरोबर होता. अ‍ॅनफिल्डवर नॉर्थम्प्टनकडून लीग कपमध्ये बाहेर, मग ब्लॅकपूलकडून घरी हार, लिव्हरपूल खालच्या तिघांत, म्हणजे खालच्या डिव्हिजनला जायच्या जागी. माणूस म्हणून सज्जन असेल, पण आपल्या टीमने घाबरून खेळावं हे नाही सहन होत. जानेवारीत गेला. बाकी काही लिहायचं नाहीये त्याबद्दल.

सिडको, चेल्सी

आमचं सगळ्यांच्या उलटं आहे भो. तुम्हाला मॅनेजर जात नाही म्हणून राग, आम्हाला टिकत नाही म्हणून.

१९ मे २०१२ म्युनिक. बायर्नच्या घरच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगची फायनल, ८८ व्या मिनिटाला द्रोग्बाचं हेडर, मग पेनल्टीत जिंकलो. मी तेव्हा अंबडला कंपनीत ट्रेनी होतो, सकाळची शिफ्ट, रात्रभर जागून तसाच गेलो आणि लाइनवर उभ्या उभ्या हसत होतो. आणि ज्या मॅनेजरने, डी मात्तेओने, हे करून दिलं त्याला नोव्हेंबरमध्ये काढलं, सहा महिन्यांत! आणि आणला कोणाला, तर राफा बेनिटेझ, ज्याच्या लिव्हरपूलशी आमचं वर्षानुवर्षं वैर. आमच्या मैदानावर, स्टॅम्फर्ड ब्रिजवर, १६ व्या मिनिटाला लोक टाळ्या वाजवायचे कारण डी मात्तेओ खेळायचा तेव्हा त्याचा शर्ट नंबर १६. मी पण टीव्हीसमोर १६ व्या मिनिटाला टाळ्या वाजवायचो, घरात एकटा असलो तरी.

बेनिटेझने युरोपा लीग जिंकून दिली, ते मान्य करतो. माझा राग त्याच्यावर नव्हताच, तो काढणाऱ्यांवर होता, फक्त ते टीव्हीवर दिसत नाहीत म्हणून जो दिसतो त्याच्यावर निघाला. टुखेलचं तेच, २०२१ ला चॅम्पियन्स लीग, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर. आता तर नवीन मॅनेजर आला की त्याचं नाव पण मी लवकर पाठ करत नाही.

निफाडजवळ, बार्सिलोना

मी द्राक्ष बागायतदार. जानेवारीत आमच्याकडे थंडी पडली की बाग वाचवायला पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात, त्यामुळे त्या दिवसांत रात्रीची झोप तशीही नसतेच. ९ जानेवारी २०२०, सुपर कपची सेमीफायनल अ‍ॅटलेटिकोबरोबर, सौदीमध्ये. बागेच्या कडेला मोटारीच्या खोलीत मी आणि चुलतभाऊ, मोबाईलवर स्कोर बघत. ८० मिनिटांपर्यंत २-१ पुढे होतो. मग ८१ आणि ८६ ला दोन गोल, संपलं. भाऊ म्हणाला चल काड्या पेटवू. चार दिवसांत मॅनेजर वाल्वेर्देला काढलं.

आणि त्याच्यावर माझा राग कधीपासून होता सांगतो. रोमाला पहिल्या लेगमध्ये ४-१ मारून तिकडे ०-३. पुढच्या वर्षी लिव्हरपूलला ३-० मारून तिकडे ०-४. तो कॉर्नर, आमची सगळी टीम पाठ करून उभी आणि त्यांच्या पोराने पटकन मारून दिला, ओरिगीने घातला. माणसाने एकदा ठेच खाल्ली तर समजतं, त्याच दगडाला दुसऱ्या वर्षी परत ठेच? एप्रिलची खरड छाटणी नुकतीच उरकली होती, अंगात त्राण नव्हतं, तरी त्या रात्री झोप लागली नाही.

पण आता हे पण सांगतो. काढला तेव्हा टीम लीगमध्ये पहिल्या नंबरवर होती, त्याआधी दोन वर्षं लीग त्यानेच जिंकलेली. त्याच्या जागी सेतिएन आला आणि ऑगस्टमध्ये बायर्नकडून ८-२. लॉकडाऊनचं वर्ष, त्यात माल मातीमोल भावाने गेलेला, आणि वर ते आठ गोल. वेल जुनी झाली, मुळ्या थकल्या की नुसती छाटणी करणारा बदलून माल येत नाही हे मला बागेत समजत होतं, फुटबॉलमध्ये समजलं नाही. प्लेयर थकलेले होते, पैसा भलतीकडे गेलेला. वाल्वेर्देच्या त्या दोन रात्रींच्या चुका मी माफ केलेल्या नाहीत, पण बाकीचं त्याच्या नावावर लिहिलं ते चूक केलं.

नाशिक रोड, एफसी पुणे सिटी

क्लबच राहिला नाही, तरी लिहू का? आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली २०१४ ला तेव्हा आपल्याला जवळचं म्हणजे एक मुंबई, एक पुणे. मी पुणे धरलं कारण बहीण पिंपरीला असायची. संगमनेर, नारायणगाव, चाकण असं एसटीने पाच-सहा तास, बालेवाडीला मॅच, रात्री बहिणीकडे आणि पहाटे परत.

पाच सीझन आणि दर वर्षी नवा कोच. कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच. पोपोविचच्या वेळी २०१७-१८ ला पहिल्यांदा सेमीफायनल, मार्सेलिन्हो आणि अल्फारो असे खेळायचे की एसटीचा प्रवास वसूल. बंगळुरूने सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने हरवलं, तरी वाटलं आता बसली टीम. पुढच्या सीझनला परत नवीन माणूस, आणि तीन मॅच झाल्यावर तो पण बाहेर. तीन! मी पहिल्या मॅचपासून त्याला नावं ठेवत होतो हे खरं, पण मलाही तीन मॅचमध्ये काढावं असं वाटलं नव्हतं.

२०१९ ला क्लब बंद. जांभळा-केशरी शर्ट कपाटात आहे. तुम्ही लोक मॅनेजर चांगला नाही म्हणून रडताय ते वाचताना मला एवढंच वाटतं की ज्याच्यावर चिडायचं तो तरी आहे तुमच्याकडे.

सातपूर, टॉटनम

मी एकटीच टॉटनमची, म्हणजे स्पर्सची, फॅन असेन नाशिकमध्ये, कॉलेजमध्ये तरी कोणी भेटलं नाही. २०२४-२५ ला लीगमध्ये २२ मॅच हरलो, सतरावा नंबर, आणि मॅनेजर पोस्टेकोग्लू सीझनच्या सुरुवातीलाच म्हणालेला की दुसऱ्या वर्षी मी काहीतरी जिंकतोच. मला त्याचा इतका राग यायचा, सेंटरबॅक (मधले डिफेंडर) सगळे जखमी आणि हा माणूस डिफेन्सची लाइन मागे घ्यायला तयार नाही. मग २१ मेला बिल्बाओमध्ये युरोपा लीग फायनल, आणि तिथे मात्र टीम मागे बसून १-० राखून जिंकली, ते पण धागा काढणाऱ्या दादांच्या युनायटेडला हरवून, सॉरी दादा. २००८ नंतरची पहिली ट्रॉफी. मी रडले, आई उठून बघायला आली काय झालं म्हणून. १६ दिवसांनी त्याला काढलं. मला अजून ठरवता येत नाही की बरोबर केलं का.

गंगापूर रोड, भारत

कोणीच आपल्या टीमबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. मार्च २०२४, गुवाहाटी, छेत्रीची दीडशेवी मॅच, त्याने गोल पण केला आणि अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. आधी एशियन कपला तीन मॅच, शून्य गोल. कोच स्टीमाचवर मी प्रचंड चिडलो होतो. मग कतारविरुद्धच्या मॅचला बॉल लाइनच्या बाहेर गेलेला असताना रेफरीने त्यांना गोल दिला, त्यात त्याची काय चूक? पण आठवड्यात तो गेला. मार्केझ आला, तो एकाच वेळी एफसी गोवा पण सांभाळत होता, हाँगकाँगकडून इंज्युरी टाइममध्ये पेनल्टीवर हरलो. मग खालिद जमील आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, ज्याने आयझॉलसारख्या छोट्या टीमला २०१७ ला आय-लीग जिंकून दिली, मुंबईत इतकी वर्षं काम केलं. ऑक्टोबर २०२५ ला मडगावमध्ये सिंगापूरकडून १-२, एशियन कप हुकला. ह्या वेळी मी चिडलो नाही. तीन मॅनेजर झाले आणि समोर उभा राहून गोल मारणारा दुसरा छेत्री काही सापडत नाही, तो मॅनेजरने कुठून आणायचा? आपल्या नाशिकमध्ये चौदा वर्षांखालच्या पोराला वर्षात किती मॅच खेळायला मिळतात बघा, बोटावर मोजता येतील.

पंचवटी

मी एका शाळेच्या टीमला शिकवतो, बाजूला उभा राहणारा माणूस मीच, म्हणून लिहितो. मागच्या वर्षी एका स्पर्धेच्या सेमीफायनलला आमचा सगळ्यात चांगला पोरगा मी बाहेर बसवला. पालक जाळीपलीकडून ओरडत होते, एक काका तर हाफटाइमला माझ्या अंगावर आले की तुम्हाला काही कळतं का, वशिल्याचे खेळवता. आम्ही ०-१ हरलो.

पोराचा घोटा सुजलेला होता. सकाळी त्याने मला बाजूला घेऊन दाखवला आणि म्हणाला सर बाबांना सांगू नका, ते खेळणं बंद करतील. मी शब्द दिला. त्यामुळे सगळ्यांसमोर मला एवढंच म्हणता आलं की माझा निर्णय आहे. घरी येताना गाडी रामकुंडापाशी थांबवून बराच वेळ बसलो होतो. मी पण पंधरा वर्षं युनायटेड बघतो, मोयेसला मी पण बोललोय.

कॉलेज रोड, मँचेस्टर युनायटेड

सर, त्या पोराचं पुढे काय झालं?

पंचवटी

तीन आठवडे विश्रांती दिली. त्याच्या बाबांना नंतर त्यानेच सांगितलं. ते मैदानावर आले, माझ्याशी काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून सरावाला पाण्याचा जार तेच आणून ठेवतात. पोरगा आता लेफ्ट बॅक खेळतो, रविवारी सकाळी सातला मॅच आहे आमची, जमलं तर या.