नोकरी गेली म्हणून देशही सोडायचा? परदेशातल्या कामगारांच्या हक्कांबद्दल

माटुंगेकर

माझ्या भाच्याची न्यू जर्सीतली नोकरी गेल्या महिन्यात गेली. व्हिसा एच-वन-बी, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवलेला अमेरिकेचा तात्पुरता कामाचा परवाना. आता त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस आहेत. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल करायचा, नाहीतर चंबूगबाळं आवरून मुंबई गाठायची. ही सवलतसुद्धा २०१७ पासूनची. त्याआधी काढून टाकलेल्या माणसाला नियमाने एक दिवसही मिळत नव्हता. बायकोचा एच-फोर त्याच्याच व्हिसावर टांगलेला, मुलगी पहिलीत, घराचा भाडेकरार अर्धाच झालेला.

त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (निवृत्तिवेतनाचे) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचे) १.४५ टक्के न चुकता कापले गेले. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो आणि या व्हिसाची नेहमीची मर्यादा आहे सहा वर्षं. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार, म्हणजे दोन्हीकडचा भरणा एकत्र धरण्याची सोय, नाही, त्यामुळे मधेच परत येणाऱ्याचे ते पैसे बुडाल्यातच जमा.

माझं म्हणणं एवढंच: नोकरी देणं-काढणं मालकाच्या हातात असू दे, पण त्या देशात राहण्याचा परवाना कामगाराच्या नावावर हवा. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

भाच्याला लवकर काम मिळो, हे मनापासून. पण मुद्दा पटला नाही. तात्पुरता परवाना म्हणजे तात्पुरताच. वर्षाला ८५,००० जागा, त्यासाठी लॉटरी लागते, अटी आधीपासून माहीत असतात. त्या मान्य करून गेल्यावर नोकरी गेली म्हणून अटी बदला, हे कसं चालेल? कामाशिवाय परदेशी माणसाने किती दिवस राहायचं, हे त्या देशानेच ठरवायचं.

आणि असलेले हक्क तरी लोक कुठे वापरतात? व्हिसाची मुदत संपायच्या आत कंपनीने काढलं, तर मायदेशी परतण्याचा वाजवी खर्च कंपनीनेच द्यायचा, असं अमेरिकी कायद्यात आहे. भाच्याला विचारा, मागितला का म्हणून. तिथल्या स्थानिक इंजिनिअरचाही विचार करा. स्वस्तात परदेशी माणूस मिळतो म्हणून त्याच्यावरही गदा येतेच ना?

माटुंगेकर

परतीचा खर्च फक्त त्याचा मिळतो, बायको-मुलीचा नाही. आणि राजीनामा लिहून घेतला असेल तर तोही नाही.

स्थानिक इंजिनिअरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी त्याच कारणासाठी बोलतोय. ज्याला नोकरी सोडता येत नाही, तो पगारावरून भांडत नाही, रविवारी बोलावलं तरी जातो. असा माणूस शेजारच्या टेबलावर बसला की स्थानिकाचाही पगार वाढत नाही. परदेशी कामगाराला मोकळं केलंत तर दोघांचाही भाव सुधारेल. कॅनडाने २०१९ पासून मालकाकडून छळ होणाऱ्या कामगाराला खुला परवाना, म्हणजे एका मालकाशी न बांधलेला, मिळण्याची सोय केली आहे. मनात आणलं तर सरकारला हे जमतं.

खेडवाला

तुम्ही साठ दिवसांवर बोलताय. मी सौदीत पाइप फिटर होतो, आता मुंब्र्याला असतो. आमचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पाच महिने पगार नाही. अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला, कंपनीने तो नवा केला नाही. अकामा नाही म्हणजे दवाखाना नाही, बँक नाही, रस्त्यावर पोलिसाने धरलं तर सरळ आत. कँपमध्ये जनरेटरचं डिझेल संपलं की रात्री बाहेर वाळूत झोपायचं. तक्रार करायची म्हटलं तर कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक, हुरूब लावणार, म्हणजे माणूस काम सोडून पळाला अशी सरकारी नोंद. एकदा हुरूब लागला की तुम्हीच गुन्हेगार.

घरी परत यावं म्हटलं तर एजंटाचं कर्ज. कायद्याने एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. आमच्या अख्ख्या बॅचमध्ये तेवढ्यावर गेलेला एकही नव्हता. २०२१ पासून तिथे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची सोय झाली, पण घरकामगार, ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्यातून वगळले. ज्यांना सर्वात जास्त गरज, तेच बाहेर.

दुबई_रिटर्न

खेडवाले भाऊ, सगळं आखात एका मापाने मोजू नका. दुबईत २०२३ पासून बेकारी विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर हप्ता महिना फक्त ५ दिरहम. सलग वर्षभर भरला असेल आणि नोकरी गेली, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. घरकामगार इथेही नाहीत, आणि देश सोडला तर पैसे बंद, हे मान्य. पण व्यवस्था उभी आहे.

गिरणगावकर

मी लालबागचा. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत काय झालं ते पाहिलंय. आजही साकीनाक्याला कंत्राटी पोराला सकाळी गेटवरून परत पाठवतात. ना नोटीस, ना भरपाई. परदेशातल्या हक्कांचं बोलण्याआधी आपल्या शहरातल्या माणसाला काय मिळतं ते बघा. आपण ज्याला घरात न्याय देत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार?

माटुंगेकर

दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, दादा. फरक एवढाच की त्या पोराची नोकरी जाते, पण मुंबई सोड असं त्याला कुठलं खातं कळवत नाही.

गिरणगावकर

कागद येत नाही, एवढंच. खोलीचं भाडं थकलं की तोही जातो. २०२० मध्ये लोक चालत गेले, त्यांना कुणी व्हिसा विचारला होता?

हिशेबनीस

हे पटलं. पण माटुंगेकर, साठ दिवस कमी असतील तर किती हवेत, ते सांगा. १८० म्हणालात तर पुढचा माणूस ३६५ म्हणेल. कुठेतरी रेघ लागतेच, आणि ती ओढायचा अधिकार त्या देशाचाच.

माटुंगेकर

१८० दिवस. मुलांचं शाळेचं सत्र पुरं होईल आणि मुलाखतींच्या चार फेऱ्या पार पडतील, इतके. आणि व्यापाराच्या वाटाघाटीत आपल्या सरकारने सामाजिक सुरक्षेचा करार पुढे रेटावा, कारण ते पैसे भारतीयांच्या घामाचे आहेत.

खेडवाला

मला एकही दिवस वाढवून नको. पगार थकला तर दावा लावायला आम्हाला तिथेच थांबावं लागतं, आणि थांबायचं तर खायचं काय? २०१६ मध्ये जेद्दाहला हजारो भारतीय कामगार अडकले, तेव्हा सुषमा स्वराज यांनी दावे नोंदवून परत या, असं सांगितलं होतं. ती सोय प्रत्येकाला नेहमी हवी. निघताना दूतावासाला अधिकारपत्र द्यायचं आणि सुनावणी इथे मुंबईत बसून व्हायला हवी. माझा पाच महिन्यांचा पगार अजून तिकडेच आहे. तो मागायला आज मी कुठल्या ऑफिसात जाऊ, हे इथे कुणाला माहीत असेल तर लिहा.