'अंगावर येणारी' कथा म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न: भयकथांचं परीक्षण करताना माझे सगळे शेरे 'भयंकर', 'अस्वस्थ करणारी', 'अंगावर येते' एवढ्यातच फिरतात. यांत फरक कसा करावा?

उत्तर: 'भयंकर' आधी बाजूला ठेवा. आपण 'भयंकर आवडली' असंही म्हणतो, त्यामुळे शेऱ्यात त्यातून काहीच कळत नाही. बाकीचे शब्द मी वेळेवरून वेगळे करते. दचकणं क्षणाचं. धास्ती घटनेच्या आधीची, आणि ती वाढवत न्यायला खरं कसब लागतं. किळस दृश्य समोर असेपर्यंत. अस्वस्थता कथा मिटल्यावरही राहते. 'अंगावर येते' मात्र स्तुतीही असते आणि तक्रारही, म्हणून कशामुळे येते ते सोबत लिहाच.

रसविचार, म्हणजे कलाकृतीतून रसिकाला कोणत्या भावनेचा आस्वाद मिळतो याचा जुना भारतीय विचार, इथे फार उपयोगी पडतो. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; बीभत्स रसाचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या ग्रंथात बीभत्साचेही प्रकार आहेत: रक्त वगैरे पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा-कृमींमुळे होतो तो उद्वेगी. बीभत्स कमी प्रतीचा नाही. पण लेखकाला भीती घालायची होती आणि वाचकाला नुसती शिसारी आली, तर कथा फसली असं मी स्पष्ट लिहीन.

आणखी एक मत: विशेषणांकडेही बघा. शांतता भयाण, रडणं भेसूर, अपघात भीषण, कृत्य अघोरी. हे शब्द एकमेकांच्या जागी टाकलेले दिसले की लेखकाचा कान कच्चा आहे हे कळतं. उदाहरण घ्या: एकटी राहणारी बाई घराबाहेर पडते. 'तिने कुलूप लावलं. आतून कडी सरकली.' एवढ्यावर काम होतं. इथे 'भयाण शांततेत कडीचा भेसूर आवाज घुमला' असं लिहिलं, तर घाबरायचं कधी हे लेखकच सांगतो आणि वाचक सुटतो. मात्र ती एकटी राहते हे आधीच, सहज ओघात आलेलं हवं. ते कडीनंतर सांगितलं तर परिणाम गेला.

प्रश्न: आणि शेवटचा धक्का?

उत्तर: धक्का आणि कलाटणी एक समजू नका. कलाटणीनंतर मागची वाक्यं पुन्हा वाचली की त्यांचा दुसरा अर्थ लागतो. धक्क्याला मागचं काहीच लागत नाही, तो कुठल्याही कथेला जोडता येतो. मी शेवट माहीत झाल्यावर पहिला परिच्छेद परत वाचते आणि गुण त्यानंतरच देते.