वन्यजीव पाहण्यासाठी लहान जहाजच निवडावे का?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

आमच्या परिचयातील काही मराठी कुटुंबे पुढील वर्षी एकत्र परदेशप्रवासाला निघण्याच्या विचारात आहेत आणि त्यावरून ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातील बैठकीत बराच खल चालू आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक अलास्काचा, म्हणजे हजारो प्रवाशांचे मोठे जहाज, हिमनद्या, बर्फाच्छादित डोंगर आणि जेवणाखाण्याची चोख व्यवस्था. दुसरा इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचा, म्हणजे सोळा प्रवाशांची छोटी नौका, रोज एखाद्या बेटावर उतरणे आणि मार्गदर्शकाबरोबर पायी फिरणे. दुसऱ्या पर्यायाचा खर्च अधिक आहे, तरी तोच निवडावा असे माझे ठाम मत आहे. ते येथे सविस्तर मांडतो आणि विरोधी मतेही ऐकू इच्छितो.

सहलींच्या जाहिरातींत प्रत्येक ठिकाण निसर्गरम्यच असते, त्यामुळे त्या विशेषणावरून निवड करता येत नाही. ठिकाण किती सुंदर आहे हे पाहण्याआधी तेथे एका वेळी किती माणसांना पाऊल ठेवू देतात, हे विचारावे. गालापागोसमध्ये १९५९ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७८ साली युनेस्कोने त्या बेटांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. शंभरहून अधिक प्रवाशांच्या पर्यटक जहाजाला तेथे परवानगी नाही. सोळा प्रवाशांमागे एक अधिकृत मार्गदर्शक असावा लागतो, प्राण्यांपासून दोन मीटरचे अंतर राखावे लागते, आणि कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कोणत्या बेटावर जायचे हेही उद्यानच ठरवते. याचे फळ डोळ्यांना दिसते. काळ्या लाव्हाच्या खडकावर समुद्री इग्वाना नावाचे मोठे सरडे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले असतात, अधूनमधून नाकातून खारट पाण्याची चिळकांडी उडवतात, आणि तेच मीठ वाळून त्यांच्या डोक्यावर पांढरे पुट चढते. माणूस जवळून गेला तरी ते हलत नाहीत. पायवाटेवर समुद्रसिंह झोपला असेल तर त्याला उठवायचे नाही, वळसा घालून माणसानेच जायचे.

अंटार्क्टिकाचा हिशोब तर याहून सोपा आहे. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला तेथे कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसे उतरू शकतात. म्हणजे जहाजावर चारशे प्रवासी असतील तर पाळ्या लावाव्या लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कमी होतो. शंभराच्या आतले जहाज असेल तर सगळे एकदमच उतरतात. ज्याला पेंग्विनच्या वसाहतीजवळ शांतपणे उभे राहायचे आहे त्याने केबिनची खिडकी किती मोठी आहे हे पाहण्यापेक्षा जहाजावरील प्रवाशांची संख्या पाहावी.

बडोदेकर

लष्करवासी यांच्या मताचा आदर राखून मी त्याला विरोध नोंदवतो, कारण या मांडणीत प्रवास कोण करणार आहे याचा विचारच झालेला नाही.

आपल्याकडे असे प्रवास बहुधा घरातील वडीलधाऱ्यांसह होतात. लहान नौकेवरून बेटावर जायचे म्हणजे हलत्या रबरी होडीत उतरायचे, काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा आणि मग निसरड्या खडकांवरून चालायचे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे यातले काहीही शक्य नव्हते, म्हणून आम्ही मोठ्या जहाजाने अलास्काला गेलो. ग्लेशियर बे या तेथील राष्ट्रीय उद्यानात मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबले होते. आई डेकवर खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती. समोरच्या कड्यातून बर्फाचा प्रचंड तुकडा सुटून पाण्यात पडताना आधी दिसला आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी आला, तेव्हा कुठे तो कडा आमच्यापासून किती दूर आणि किती उंच आहे याची कल्पना आली. तिने जे पाहिले ते किनाऱ्यावर न उतरल्यामुळे उणे ठरते, हे मला मान्य नाही.

शिवाय मोठ्या जहाजांना नियम नाहीत असेही नाही. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश मिळतो आणि उद्यानाचे रेंजर स्वतः जहाजावर येऊन माहिती देतात. अलास्कातील जुनो शहरानेही २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे.

आता लहान जहाजांविषयी. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सप्लोरर नावाचे छोटे मोहीम-जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यावरील १५४ जण वाचले, पण त्यांना उचलून घेतले ते जवळ असलेल्या त्याहून मोठ्या पर्यटक जहाजाने. गालापागोसमध्ये २००१ च्या जानेवारीत सान क्रिस्तोबाल बेटाजवळ जेसिका नावाचे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि तेल समुद्रात सांडले. त्यातील जड इंधन तेथील एका पर्यटक जहाजासाठीच आणलेले होते. सांता फे बेटावरील समुद्री इग्वाना त्यानंतरच्या वर्षभरात मोठ्या संख्येने मेल्या. लहान जहाजालाही इंधन लागतेच, आणि ते सर्वांत नाजूक जागेपर्यंत घेऊन जावे लागते. जे मोठे जहाज किनाऱ्याला शिवतही नाही, ते निदान वसाहतीत माणसांचे पाय तरी उतरवत नाही.

चंबळकाठ (मुरैना)

दोन्ही मते वाचली. ग्वाल्हेरचे लोक इक्वेडोर आणि अलास्का यांत निवड करत आहेत आणि आग्रा रस्त्यावर मुरैना ओलांडल्यावर लागणाऱ्या नदीचा उल्लेखही होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राजघाटच्या पुलाजवळून चंबळमध्ये नौकेने जाता येते. जगातील मुक्त घडियालांपैकी, म्हणजे लांब तोंडाच्या मगरींपैकी, सर्वांत मोठी संख्या याच नदीत आहे. १९७५ साली देशात मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यानंतर चंबळचे अभयारण्य झाले. मुरैनाजवळ देवरी येथील केंद्रात नदीकाठची अंडी आणून उबवतात, पिल्ले वाढवतात आणि मोठी झाली की नदीत सोडतात. नराच्या लांब, अरुंद जबड्याच्या टोकावर मडक्यासारखा गोल उंचवटा असतो. उन्हात पडलेल्या नराचा तो उंचवटा दुर्बिणीतून पाहिल्यावर वाळूवरच्या इतर घडियालांत नर कोणता हे मुलांनाही लगेच ओळखता येते. गंगेतील डॉल्फिन याच पाण्यात आहेत, लाल माथ्याची दुर्मीळ कासवे आहेत, आणि खालची चोच वरच्या चोचीहून लांब असलेला पाणचिरा पाण्याचा पृष्ठभाग चिरत जाताना येथे दिसतो.

पण लष्करवासी म्हणतात तसे नौका लहान असल्याने सारे साधते, हा माझा अनुभव नाही. येथल्या सगळ्याच नौका लहान आहेत. घडियाल थंड रक्ताचा प्राणी आहे. हिवाळ्यात अंग तापवण्यासाठीच तो वाळूवर येतो. छायाचित्रासाठी नौका जवळ रेटली की तो पोटावर घसरत पाण्यात जातो, आणि थंड पाण्यातून पुन्हा बाहेर येऊन त्याला पहिल्यापासून ऊन खावे लागते. एका सकाळी चार नौकांनी हेच केले तर त्या जनावराने करायचे काय? हा प्रश्न मी बसलेल्या प्रवाशांनाच विचारतो, कारण नावाडी बहुतेक वेळा त्यांच्याच आग्रहाला बळी पडतो. त्यात वाळूचा उपसा आहेच. मार्चच्या अखेरीपासून घडियालाची मादी ज्या वाळूत अंडी घालते तीच वाळू ट्रॅक्टरमध्ये भरून जाते. पाणचिऱ्याची घरटी नदीतल्या वाळूच्या बेटांवर असतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. नदीत पाणी किती राहते, हा पर्यटनापेक्षा मोठा प्रश्न आहे, आणि तो जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इंदूरकर

मी चंबळकाठ यांच्याशी सहमत आहे, फक्त मुद्दा थोडा पुढे नेतो. प्रत्येक जहाजावरील संख्या कमी असणे आणि त्या ठिकाणी जाणाऱ्यांची एकूण संख्या कमी असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लष्करवासी यांच्या लेखनात त्या एकच धरल्या आहेत.

ओडिशात चिलिका सरोवराच्या सातपडा भागात इरावडी डॉल्फिन पाहायला जातात. होड्या छोट्या, एकेका होडीत मोजकी माणसे. परंतु डॉल्फिनची पाठ दिसली की आजूबाजूच्या होड्या तिकडेच वळतात, आणि हवा घेण्यासाठी वर आलेल्या प्राण्याभोवती इंजिनांचा गराडा पडतो. या होड्यांचे पंखे डॉल्फिनला जखमी करतात. तेथे प्रवाशांना डॉल्फिन ‘दाखवण्याचे’ आश्वासन विकले जाते, आणि ते पाळण्यासाठी पाठलाग करावाच लागतो.

याउलट सुंदरबनात पाहा. वाघाच्या जंगलात पायी फिरण्याची मुभा नाही, प्रवासी लाँचवरच राहतात, सोबत मार्गदर्शक घ्यावा लागतो आणि सजनेखाली, सुधन्याखाली, दोबांकी अशा ठराविक मनोऱ्यांवरच उतरता येते. वाघ बहुतेकांना दिसत नाही. जो केवळ वाघासाठी गेला तो नाराज होऊन परततो. ज्याने ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वासमुळे, लाल खेकड्यांची पांगापांग आणि रंगीत खंड्या पाहिले, तो पुन्हा जाण्याचे ठरवतो. म्हणून माझ्या मते जहाजाच्या आकाराआधी हे पाहावे की प्रवाशाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तेथे कोणाकडे आहे, आणि त्याची कमाई आपल्या बक्षिसीवर अवलंबून आहे की नाही.

गालापागोसमध्येही जहाजांवर मर्यादा आहे, पण बेटांवरील वस्त्यांत हॉटेलांत राहून दिवसापुरत्या होड्यांनी फिरणारे पर्यटक वाढत गेले आहेत. जहाजांवर बांध घातला तरी प्रवाह दुसऱ्या बाजूने वाहू लागतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

इंदूरकर यांनी उपस्थित केलेला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही. गालापागोसमधील जहाजांचे परवानेही मर्यादितच आहेत, त्यामुळे एकेका जहाजाची आणि सर्व जहाजांची मिळून अशी दोन्ही संख्या तेथे बांधलेली आहे. वस्त्यांतील पर्यटन वाढले, तो त्या मर्यादेचा दोष नसून ती जमिनीवरील पर्यटनाला लागू न केल्याचा परिणाम आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून परदेशी प्रौढांचे प्रवेशशुल्क शंभरावरून दोनशे डॉलर केले आहे. त्यामुळे बेटे धनिकांपुरती राहतील ही टीका मी समजू शकतो, परंतु उद्यानाचे रक्षक आणि गस्तीच्या नौका यांचा खर्च कोणीतरी उचलायलाच हवा.

बडोदेकर यांच्या मातोश्रींचा अनुभव मी उणा मानत नाही. ज्याला चालता येत नाही त्याने मोठे जहाज अवश्य घ्यावे आणि हिमनदी पाहावी. मात्र हिमनदी पाहणे आणि वन्यजीव पाहणे या वेगळ्या इच्छा आहेत. दहाव्या मजल्यावरून देवमाशाचा फवारा दिसतो, देवमासा क्वचितच.

बडोदेकर

हा भेद मला मान्य नाही. देवमासा पाण्याखाली असतो. तो छोट्या नौकेतूनही बहुतेक वेळ फवारा आणि शेपूट यांपलीकडे दिसत नाही. उलट उंच डेकवरून दूरवरचे फवारे आधी दिसतात. आपला युक्तिवाद गालापागोससाठी पूर्ण बरोबर आहे, कारण तेथील प्राणी जमिनीवर आहेत. अलास्काला तो तसाच्या तसा लावता येत नाही.

मुरारवासी

आमच्या मुलांना सुटी मिळते ती डिसेंबरच्या अखेरीस. त्या वेळी गालापागोसला काय दिसते आणि चंबळला काय, हे कोणी सांगेल का?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

एस्पान्योला बेटावरील आल्बट्रॉस पक्षी एप्रिल ते डिसेंबर एवढ्याच काळात तेथे असतात आणि डिसेंबरच्या अखेरीस बहुतेक निघून गेलेले असतात, त्यामुळे ते दिसण्याची आशा ठेवू नये. त्या सुमारास हिरव्या समुद्री कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो आणि समुद्रही निवळू लागतो. जूनपासून काही महिने पाणी थंड आणि खवळलेले असते. मुलांना नौका लागण्याची भीती असेल तर आपला काळ त्या दृष्टीने बरा आहे.

चंबळकाठ (मुरैना)

चंबळसाठी डिसेंबर अगदी योग्य आहे, पण धुके असते, त्यामुळे पहाटे निघण्यात अर्थ नाही. ऊन नीट पडल्यावरच घडियाल वाळूवर येतात, तेव्हा नऊनंतर घाटावर पोहोचावे. मुलांसाठी दुर्बीण न्यावी आणि जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. काठापासून किती अंतरावर इंजिन बंद करायचे, हे नौका सुटण्यापूर्वीच नावाड्याशी बोलून ठरवावे आणि जवळ नेण्याचा आग्रह कोणी धरणार नाही असे आपल्या मंडळींनाही आधी सांगून ठेवावे. परतताना देवरीचे केंद्र वाटेतच लागते. तेथे पिल्ले हाताच्या अंतरावर दिसतात.