वरणाचं पाणी नको, वरणच द्या

बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, तुमच्या घासाकडे टक लावून बघतं आणि घरचे वरणाचं पाणी सुरू कर म्हणताहेत, असं लिहिलंयत. सहा महिने पूर्ण होऊ द्या. मान स्थिर हवी, आधाराने बसता यायला हवं. नुसतं टक लावून बघणं म्हणजे तयारी नव्हे.

आणि वरणाची निवळी नकोच. इवलंसं पोट पाण्याने भरतं, हाती काही लागत नाही. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून डाळच पोटात जायला हवी. मूगडाळ-तांदूळ गुरगुट्या शिजवा, घोटा, वर थोडं साजूक तूप. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं दाट ठेवा. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, दिवसातून दोनदा.

माझ्या लेकीने पहिल्या दिवशी नाचणीची पेज जिभेने बाहेर ढकलली. हनुवटीवरून झबल्यावर सगळी. तिला आवडलीच नाही असं वाटून मी रडवेली झाले होते. पण तेव्हा जीभ तशीच चालते, घास मागे न्यायला ती हळूहळू शिकते. पाचव्या दिवशी तिने स्वतः तोंड उघडलं!

मीठ-साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत नको. उष्टावणाला कुणी मध चाटवायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा, वर्षाच्या आत मधातून बोटुलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. अंगावरचं दूध मात्र पूर्वीसारखंच, मागेल तेव्हा.