आपली सोसायटी (फक्त सदस्य) : बी विंगची घरघंटी आणि जर्मनीचा खर्च

जोशी काका, बी-२०२: सर्वांना नमस्कार. दुपारी २ ते ४ डोक्यावर घरघंटी चालू. गेल्या दिवाळीत काय ठरलं होतं, ते मिनिट्समध्ये आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

बापट, सी-१०३: नाव घेत नाही म्हणून फ्लॅटच्या नंबरावर बोट ठेवलंत काका 😄

शिंदे वहिनी, बी-३०२: काका, नाव घ्या की. आम्हीच. गेल्या वर्षी तळण बंद करायला सांगितलं, बंद केलं. आता फक्त भाजणी आणि मेतकूट दळते. तरी त्रास?

जोशी काका: तळणाचा वास होता, आता आवाज आहे. घरघंटीची वेळ ठरवा. २ ते ४ नको.

पाटील, सेक्रेटरी: कृपया शांतता. गणपतीच्या हिशोबाचा विषय अजून बाकी आहे, त्यात हे नको.

लेले काकू, खजिनदार: सप्टेंबरचं मेंटेनन्स ९ सदस्यांकडून येणं आहे 🙏

गायकवाड, सी-४०४: वहिनींना एक सुचवू का? घरघंटी भिंतीला टेकलेली असेल तर भिंतच वाजते. चार बोटं पुढे ओढा, चारही पायांखाली जाड रबरी पॅड घाला आणि पाण्याच्या पातळीने तोल बघा. एक पाय अधांतरी राहिला तर हादरा थेट खालच्या स्लॅबला. मशीन रिकामं फिरू देऊ नका, धान्य संपत आलं की लगेच बंद करा. रिकामं असतानाच सगळ्यात जास्त खडखडतं.

जोशी काका: पॅड वगैरे ठीक. २ ते ४ नको.

शिंदे वहिनी: हौस म्हणून नाही करत काका. मृदुलाला पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीला पाठवायचं आहे.

बापट: मग जर्मनीलाच घरघंटी पाठवा.

देसाई, ए-३०४: मृदुलाने शिष्यवृत्तीला अर्ज का नाही केला? हे बघा ⤵️ *[फॉरवर्ड : जर्मनीत शिक्षण पूर्ण मोफत, ९९९ रुपये भरा, प्रवेश पक्का]*

साठे मॅडम, ए-१०१: देसाईसाहेब, हा मेसेज काढा, प्लीज. ९९९ भरून कुठलीच शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि "पूर्ण मोफत" अर्धसत्य आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठही आता फी घेतं. शिवाय सेमिस्टर काँट्रिब्युशन (दर सत्राची विद्यार्थी वर्गणी) सगळीकडे, साधारण १०० ते ३५० युरो.

देसाई: मी फक्त फॉरवर्ड केला.

साठे मॅडम: तेच तर.

शिंदे वहिनी: मॅडम, व्हिसासाठीच्या त्या ब्लॉक्ड अकाउंटचं काय? कन्सल्टंट म्हणाला दहा-बारा लाख दाखवायचे. तेवढ्यासाठीच ही भाजणी.

साठे मॅडम: ११,९०४ युरो. म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणे एका वर्षाचे. ती फी नाही, मृदुलाचेच पैसे. तिथे गेल्यावर दरमहा तेवढेच काढता येतात. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर ब्लॉक्ड अकाउंटऐवजी शिष्यवृत्तीचं पत्र दाखवता येतं. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग अकाउंट.

कामत, ए-२०३: वहिनी, हिशोब मांडतो, रागावू नका. भाजणीच्या किलोमागे सगळं वजा जाता ८० रुपये सुटतात असं धरा. रोज १० किलो, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २०,०००. वर्षाला २ लाख ४० हजार. ११,९०४ युरो रुपयांत दहा लाखांच्या वर जातात. एकट्या भाजणीने हे व्हायचं नाही, पाच वर्षं लागतील.

बापट: कामतसाहेबांनी वहिनींची दिवाळी आधीच साजरी केली.

कामत: पूर्ण ऐका. भाजणीचा पैसा अर्जांच्या खर्चाला लावायचा. एपीएस प्रमाणपत्र (आपली मार्कशीट-पदवी खरी असल्याची जर्मनीसाठीची पडताळणी) १८,००० रुपये. युनि-असिस्टला (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणारी संस्था) पहिला अर्ज ७५ युरो, पुढचा प्रत्येक ३०, म्हणजे पाच कोर्सना १९५. इंग्रजीची परीक्षा, व्हिसाचे ७५ युरो, तिकीट. हे सगळं शिष्यवृत्ती हातात पडण्याआधीच जातं आणि परत मिळत नाही. इथे २ लाख ४० हजार खूप कामाला येतात. मोठी रक्कम शिष्यवृत्तीतून नाहीतर शैक्षणिक कर्जातून.

शिंदे वहिनी: हे कोणी सांगितलंच नव्हतं. कन्सल्टंट फक्त खाजगी विद्यापीठांची नावं देतो.

साठे मॅडम: कारण खाजगीकडून कमिशन मिळतं, सरकारी विद्यापीठाकडून नाही. विद्यापीठाचं नाव 'होखशूलकोम्पास' (Hochschulkompass) या जर्मन विद्यापीठांच्या यादीच्या साइटवर तपासा. आणि सगळ्यात आधी गुणांचं जर्मन रूपांतर करा : १ + ३ × (कमाल गुण − तुमचे गुण) ÷ (कमाल गुण − पास होण्याचे किमान गुण). सीजीपीए ८ असेल आणि पासिंग ४ असेल तर उत्तर २.०. पासिंग ५ धरलं तर २.२. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला. बऱ्याच कोर्सना २.५ च्या आत लागतो. म्हणून मार्कशीटच्या मागे पासिंग किती छापलंय ते आधी बघा. नुसत्या टक्केवारीवरून अंदाज बांधून मुलं चुकीच्या कोर्सना अर्ज करतात.

गायकवाड: क्रेडिट्सही बघा. तीन वर्षांची पदवी बहुतेक ठिकाणी १८० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) धरतात. कोर्सने २१० मागितले असतील तर बीएस्सीवाल्यांची तिथेच विकेट.

लेले काकू: सप्टेंबरचं मेंटेनन्स ९ सदस्यांकडून येणं आहे 🙏

पाटील, सेक्रेटरी: मूळ विषयावर या. घरातून व्यवसायाबद्दल उपविधी स्पष्ट आहेत, निवासी जागा परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

बापट: मग ए विंगमधले संस्कृतचे क्लास? ती टॅरो कार्डवाली? तुमच्या भाच्याची ती ट्रेडिंगची खोली?

पाटील, सेक्रेटरी: व्यक्तिगत होऊ नका.

कामत: मालवाहू गाड्या, कामगार आणि तक्रारी नसतील तर सोसायटीने समजुतीने घ्यावं. पण वहिनींनी कागद पक्के ठेवले तर कुणी बोलूच शकणार नाही. त्यातही गॅस. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. त्यामुळे भाजणं इंडक्शनवर, जाड बुडाच्या कढईत.

शिंदे वहिनी: इंडक्शनवर डाळ मध्येच जळते, कडा कच्च्या राहतात.

लेले काकू: थोडं थोडं भाजा. एका वेळी अर्धा किलोच्या वर नको, आणि प्रत्येक धान्य वेगळं. तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ यांना लागणारा वेळ वेगळा. उडीद जळली की सगळ्या भाजणीला कडवट चव. धने-जिरे शेवटी, नुसते गरम करा.

बापट: खजिनदारबाईंनी मेंटेनन्स सोडून पहिलंच वाक्य लिहिलं! स्क्रीनशॉट काढतोय.

लेले काकू: तुमचंही येणं आहे बापट.

शिंदे वहिनी: काकू, तुम्ही चकलीच्या भाजणीचं प्रमाण काय धरता? माझं ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद, अर्धी मूग.

लेले काकू: बरोबर आहे. गिऱ्हाईक "चकली मऊ पडली" म्हणालं तर भाजणीला दोष देऊ नका. मोठ्या आचेवर तळली की बाहेरून लाल, आतून कच्ची, संध्याकाळपर्यंत मऊ. तेलात विरघळली तर मोहन जास्त. दगड झाली तर मोहन कमी. पाकिटात एक चिठ्ठी टाका, अर्ध्या तक्रारी कमी होतील. आणि भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका. गरम पिठाची वाफ पाकिटात साचते, गोळे होतात, महिन्यात कुबट वास. रात्री भाजा, ताटात पसरा, सकाळी दळा.

जोशी काका: सकाळी किती वाजता? घरघंटीची वेळ ठरवा.

गायकवाड: काका, सकाळी १० ते १२? तेव्हा तुम्ही बागेत असता.

जोशी काका: मी बागेत असतो की नाही हा सोसायटीचा विषय नाही.

कामत: वहिनी, कागद सांगतो. एफएसएसएआयचं (खाद्यसुरक्षा प्राधिकरण) बेसिक रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरा. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. १४ आकडी नंबर येतो, तो पाकिटावर हवाच. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. दोन-तीन हजार मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. आधीच बंद पाकिटात विकायचं तर वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी, फी ५००, सुरू केल्यापासून ९० दिवसांत. आणि वजनकाटा : ऑनलाइन मागवलेला किचनचा काटा धंद्याला चालत नाही. शिक्का मारलेला हवा, शिक्का दर वर्षी नवा.

देसाई: पाकिटावर काय काय लिहायचं? आमच्या सौ. पण मसाला सुरू करतायत.

बापट: अरे, आता बी विंगला स्पर्धा!

कामत: पदार्थाचं नाव, जास्तीपासून कमीपर्यंत घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत चांगलं, बॅच, तुमचा पत्ता आणि तक्रारीचा फोन, हिरवा ठिपका, एफएसएसएआय नंबर. त्याच घरघंटीत गहू दळत असाल तर तेही लिहा, ग्लुटेन न चालणारे लोक असतात.

देसाई: पीएमईजीपीतून (केंद्राची स्वयंरोजगार कर्ज योजना) मोठी मशीन घेता येईल ना? ३५ टक्के सबसिडी म्हणतात.

कामत: ३५ टक्के ग्रामीण भागातल्या विशेष गटाला; महिला त्यात येतात. शहरात त्याच गटाला २५. पण सबसिडी हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून राहते आणि हप्ते चालूच असतात. १० किलोच्या धंद्याला नको. रोज ३० किलो नियमित जायला लागलं की बघा. आता फार तर मुद्रा शिशू कर्ज, ५०,००० पर्यंत. तेही सीलर, काटा आणि कच्च्या मालापुरतं.

शिंदे वहिनी: आणि किलोचा भाव कसा काढायचा? मी कच्च्या मालाच्या दुप्पट लावते.

कामत: दुप्पटीत तुम्ही फुकट राबता. कच्चा माल, भाजण्यातली आणि चाळणीवरची घट, वीज, पाकीट, लेबल, पोचवणं आणि तासाप्रमाणे स्वतःची मजुरी, हे वेगवेगळं लिहा. दुकानदाराला द्यायचं तर त्याचं कमिशन एमआरपीच्या आत बसायला हवं, नाहीतर दुकानात महाग आणि घरी स्वस्त, असं होऊन दुकानदार माल परत करतो.

गायकवाड: शिष्यवृत्तीकडे परत येऊ. मॅडम, मृदुला आत्ता शेवटच्या वर्षाला आहे, तिला कुठली चालेल?

साठे मॅडम: फ्रेशरला युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडस सगळ्यात योग्य. महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि कोर्सची फी माफ. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आत्ताच. जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेच्या ईपीओएस शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. शेव्हनिंग ब्रिटनची, तिलाही दोन वर्षं, २,८०० तास मोजून दाखवायचे. शिवाय दोन वर्षांसाठी परत यायची अट. म्हणून आत्ता या दोन्हींच्या मागे लागू नये.

देसाई: आणि ते टाटांचं? जे. एन. टाटा?

साठे मॅडम: जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासूनचं आहे, पण ते कर्ज-शिष्यवृत्ती देतं. परत फेडायचं असतं. लोक फुकट समजून बसतात आणि बँकेच्या कर्जाच्या हिशोबात ते धरतच नाहीत.

जगताप, सी-२०२: राज्य सरकारच्याही आहेत. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची, ओबीसी विभागाची. कुणी सांगत नाही.

देसाई: ओपनवाल्यांना कुठे काय असतं!

जगताप: आहे. तंत्रशिक्षण संचालनालयाची, खुल्या प्रवर्गासाठी. जाहिरात वाचायची तसदी घेतली तर दिसते.

देसाई: मी सहज म्हणालो.

जगताप: मीही सहजच म्हणालो.

साठे मॅडम: दोघांचेही आभार. या सगळ्यांत उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट दर वर्षीच्या जाहिरातीत वाचा, बदलत राहते. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते ऑफर लेटर 'अनकंडिशनल' (विनाअट) नसल्याने. म्हणून अर्ज लवकर करा. जर्मन विद्यापीठांत बऱ्याच कोर्सची तारीख १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांचे अनेक कोर्स मार्च ते मेमध्येच बंद होतात. एपीएसला कित्येक आठवडे जातात. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, ते आजच मागवा, एकाऐवजी चार सीलबंद प्रती.

शिंदे वहिनी: मृदुला म्हणते शिफारसपत्र सरांनी आधीच दिलंय, सगळ्यांना तेच.

साठे मॅडम: तेच नको. "ती हुशार व मेहनती आहे" हे प्रत्येक पत्रात असतं. सरांना तिच्या प्रोजेक्टचा एक पानाचा गोषवारा, तिचे गुण आणि कोर्सची लिंक द्या, म्हणजे ते ठोस लिहितील. आणि मोटिव्हेशन लेटरमध्ये "लहानपणापासून मला" काढून टाका. कोर्समधले दोन-तीन विषय नावाने लिहावेत आणि आपल्या प्रोजेक्टशी ते कसे जुळतात ते सांगावं.

गायकवाड: एक राहिलं. प्रवेश मिळाल्यावर डॉइचलँडस्टिपेंडियमला अर्ज करा. महिन्याला ३०० युरो, अर्धे जर्मन केंद्र सरकारचे, अर्धे खाजगी देणगीदारांचे, विद्यापीठच निवडतं, परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतं. शिवाय वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण व्हिसाच्या कागदात ही कमाई मोजून अकाउंट कमी भरू नका.

शिंदे वहिनी: सगळ्यांचे आभार. काका, सकाळी १० ते १२ दळेन, रविवारी बंद. पॅड आज मागवते. चालेल?

जोशी काका: लेखी द्या.

पाटील, सेक्रेटरी: साधं पत्र द्या वहिनी, कमिटीच्या सहीने पोच देतो.

जोशी काका: आणि थालीपीठाची भाजणी करत असाल तर अर्धा किलो ठेवा. पैसे देऊन.

बापट: काकांचं मन आणि भाजणी, दोन्ही खमंग झालं.

देसाई: साठे मॅडम, सगळ्या तारखांची पीडीएफ करून टाकाल का?

साठे मॅडम: टाकते. पण प्रत्येक तारीख कोर्सच्या पानावर जाऊन तपासा, कोर्सप्रमाणे बदलते.

देसाई: चालेल. पीडीएफ आली की माझ्या दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड करतो.

लेले काकू: मेंटेनन्सचं येणं आता ८ सदस्यांकडून. जगतापांनी भरलं, धन्यवाद 🙏