रेवदंडा-चौल पायी पाहण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही नाशिकचे काही जण, त्यात माझे सत्तरीतले वडीलही आहेत, थंडीत रेवदंडा आणि चौल पायी पाहणार आहोत. पंचवटीच्या गल्ल्या हिंडण्याची सवय असल्याने चालण्याचे भय नाही. प्रश्न वाटेचा आहे. १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेल्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्याचे अवशेष आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेले आहेत. तेव्हा सातखणी बुरुजापर्यंत जाताना एखादी खासगी वाडी ओलांडावी लागते का, आणि लागत असल्यास परवानगी कोणाकडे मागावी? समुद्राकडील तटाच्या बाहेरून चालायचे तर ओहोटीची वेळ साधावी लागेल, हे उघड आहे. पण तेथील वाळू वयस्कर माणसाला चालण्याजोगी घट्ट असते का? चौलच्या रामेश्वर मंदिराकडे वाड्यांमधून जाणारी आतली वाट असल्यास कृपया सांगावी, कारण वाहनांच्या धुळीत डांबरी रस्त्याने चालण्यात काय हशील? कुंडलिका खाडीपलीकडील कोर्लई त्याच दिवशी उरकावे, असे मला वाटत नाही. तिथली पोर्तुगीज वळणाची बोली कानावर पडायची तर सवडीनेच जायला हवे. वाटेत घरगुती जेवण कोठे मिळेल, हेही जाणकारांनी कळवावे.