वरच्या खोलीतला टांझानियाचा पोरगा आणि आप्पांचा प्रश्न

रंकाळा_कट्टा
मंडळी, घरात रोज जेवताना एकच विषय चाललाय म्हणून इथं टाकतोय. राजारामपुरीत आमची वरची खोली भाड्यानं दिलीय, त्यात जूनपासनं टांझानियाचा एक पोरगा राहतोय, भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर एमएस्सी करतोय. पोरगा सोन्यासारखा, जाता येता 'नमस्कार आप्पा', पहिल्यांदा मिसळ खाल्ली तेव्हा डोळ्यातनं नाकातनं पाणी आणि आता कटाची दुसरी वाटी मागून घेतो. पण परवा आप्पांना कळलं की ह्याची फी आपलं सरकार भरतंय, आणि झालं सुरू. नातीच्या इंजिनिअरिंगसाठी मी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि हे आफ्रिकेला फुकट शिकवत बसलेत, मिळतं काय यातनं? आप्पा टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेत, हिशोबाला लई पक्के. गुगल केलं तर शाश्वत विकास, परस्पर सहकार्य असले शब्द पोत्यानं मिळतात, पण ते आप्पांपुढं टिकत नाहीत. तिकडं कुणी प्रत्यक्ष काम केलंय काय?

मोळीवाला_कागल
मी होतो भावा, साडेतीन वर्षं, इथिओपियात साखर कारखान्यावर. आधी आप्पांना हे सांग की सगळंच फुकट नसतंय. तिकडच्या साखर कारखान्यांसाठी आपल्या एक्झिम बँकेनं, म्हणजे आयात-निर्यातीसाठीच्या सरकारी बँकेनं, ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलेलं, कर्ज म्हणजे कर्जच, आणि त्यातनं मशिनरी आणि माणसं बरीचशी भारतातनंच गेली, त्यातलाच मी एक.
आता खरी गंमत. तिथल्या लोकांना साखर नवी नाही, वोंजीचा कारखाना डच लोकांनी १९५४ ला उभा केलेला. पण आमच्याकडं नवी पोरं भरती झाली त्यांना पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरतात त्या भांड्यावर, उभं करायचं म्हणजे काम होतं. कागदावर सगळं शिकलेली, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप तोंडपाठ, पण दाणा कधी धरला हे मीटर बघून ठरवायची. आमच्यातला एक म्हातारा पॅनमन, शाळा चौथी, इंग्रजी शून्य, तो काचेच्या पट्टीवर सॅम्पल घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, मग अंगठा आणि बोटात पाकाची तार ओढून त्या पोराच्या बोटाला लावायचा, बघ म्हणायचा मराठीतच. दुसऱ्या हंगामात ती पोरं मीटरकडं बघायच्या आधी काच उजेडाकडं धरायला लागली. ह्याला मी सहकार्य म्हणतो.
आणि वाईट पण सांगतो. एका पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतला फिरणारा पंखा, गेला, इथिओपियाला समुद्र नाही, माल सगळा जिबूती बंदरातनं येणार, अडीच महिने आम्ही नुसती वाट बघितली. शेवटी तिथल्याच एका वर्कशॉपमधल्या पोरानं लाकडाचा पॅटर्न करून कास्टिंग काढलं, फिनिशिंग आपल्या शिरोली एमआयडीसीसारखं नव्हतं पण पंप फिरला. मोठ्या प्रोजेक्टच्या फायलीत त्या वर्कशॉपचं नावच नव्हतं, ते पहिल्या दिवशी असायला पाहिजे होतं.

शाहूपुरीचा_वकील
मोळीवाले, तुमचं मनापासून पटलं, पण जरा थंड डोक्यानं पण बघूया. आफ्रिकेत ५४ देश आहेत म्हणजे युनोत ५४ मतं, त्यामुळं कुठलंच सरकार नुसत्या प्रेमापोटी स्कॉलरशिप देत नाही, चीन पण देतोय, युरोप पण देतोय. परदेशी लोकांना ट्रेनिंग द्यायची आपली आयटेक योजना १९६४ पासनं चालू आहे. २०२३ ला दिल्लीच्या जी-२० मध्ये आफ्रिकन युनियनला कायमची खुर्ची मिळाली, ती आपण यजमान असताना, ह्याचा पण कुठंतरी संबंध लागतोच की. आप्पांना मिळतं काय विचारायचंय ना, तर पत मिळते. आणि पतसंस्थेचं कर्ज घेतलेल्या माणसाला पत म्हणजे काय हे सांगायला नको.
फक्त मला एक खटकतं. पोरं इकडं आणायची आणि ती परत गेली की तिथं लॅबच नाही, असं झालं तर काय उपयोग? शाहू महाराजांनी १९०१ पासनं कोल्हापुरात बोर्डिंगं काढली हे सगळे सांगतात, पण १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणजे शाळा पोराच्या गावापर्यंत गेली. दोन्ही लागतं. म्हणून मला झांझिबारचं आयआयटी मद्रास जास्त आवडलं, २०२३ ला सुरू झालं, आणि कुठल्याही आयआयटीची पहिली महिला संचालक तिथंच, प्रीती अघालयम. तुमच्या भाडेकरूला विचारा, त्याच्याच देशात आहे ते.

पन्हाळकर_ताई
वकीलसाहेब मतांच्या पुढं जातच नाहीत कधी 😄 मी शाळेत इतिहास शिकवते. २०२५ ला पन्हाळा जागतिक वारशात गेला तेव्हा आपण ढोल वाजवले, राधानगरीचं जंगल २०१२ लाच गेलंय ते मात्र निम्म्या कोल्हापूरला माहीत नाही, असो. मी वर्गात मालीतल्या टिंबक्टूचं सांगते. २०१२ ला अतिरेक्यांनी तिथल्या सूफी संतांच्या मातीच्या समाध्या कुदळीनं फोडल्या. युनेस्कोनं पैसे आणि तज्ज्ञ आणले, पण बांधकाम केलं तिथल्याच गवंड्यांनी, बापाकडनं शिकलेल्या पद्धतीनं, आणि २०१५ पर्यंत १४ समाध्या परत उभ्या राहिल्या. फोडणाऱ्यांपैकी एकाला २०१६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ९ वर्षांची शिक्षा दिली. मातीच्या भिंतीला दरवर्षी लिंपण लागतं, आपल्या आजीच्या सारवणासारखं, त्यामुळं गवंडी संपला की वारसा संपला, मग बोर्ड कितीही लावा.

खोडदची_तबकडी
मूळचा गडहिंग्लजचा, आता नारायणगावजवळ खोडदला असतो, तिथं जीएमआरटी ही तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, म्हणून हे नाव. आप्पा टेलिफोन खात्यातले म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितोय. दक्षिण आफ्रिकेच्या कारू वाळवंटात जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणारी, होतेय, एसकेए, तिथं आधीच्या मीरकॅट दुर्बिणीच्या ६४ धरून १९७ तबकड्या होणार, दुसरा भाग ऑस्ट्रेलियात. भारतानं यासाठी १२५० कोटी मंजूर केलेत आणि दुर्बीण चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरए ह्या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचा मोठा हात आहे, कारण खोडदच्या ३० तबकड्या चालवून आपली माणसं तयार झालीत.
पण मला आवडतं ते घानाचं. राजधानी आक्राजवळ कुंटुन्सेला सॅटेलाइटवरनं फोन जोडायची ३२ मीटरची तबकडी होती, समुद्राखालनं फायबर आल्यावर ती नुसती गंजत पडलेली. दक्षिण आफ्रिकेच्या आणि घानाच्या इंजिनिअर लोकांनी मिळून तिचीच रेडिओ दुर्बीण केली, २०१७ ला चालू. नवी घ्यायची तर किती कोटी लागले असते विचार करा.

रंकाळा_कट्टा
सगळ्यांना लई धन्यवाद. काल रात्री सगळं आप्पांना वाचून दाखवलं. मतांचं ऐकून म्हणाले ते मला पण माहीत होतं. तार ओढायचं ऐकून जरा हसले. घानाच्या तबकडीला मात्र जेवण थांबवलं, आमच्या काळात पण असल्या तबकड्या भंगारात गेल्या म्हणाले, आणि मग वरच्या पोराला हाक मारून खाली बोलावलं, तू कधी बघितलीस काय ती म्हणून. तो म्हणाला आप्पा, घाना आमच्यापासनं लई लांब आहे. तरी दोघं साडेदहापर्यंत कागदावर तबकडी काढत बसलेले, सिग्नल पकडणारा फीड कुठं असतो, केबल कुठनं येते.
फीचा विषय अजून मिटलेला नाही. खोडदवाले, तुमच्याकडं दुर्बीण बघायला येता येतं काय, दोघं जण आहेत.